खानदेशच्या अंगणातील कडुनिंब : निवड, लागवड आणि निगा

घराजवळ लावलेले झाड टिकेल की नाही, हे त्याच्या देखणेपणावर ठरत नाही. त्या गावचा उन्हाळा, तेथील माती आणि वर्षभर मिळणारे पाणी यांच्याशी त्या झाडाचे किती जुळते, यावर ते ठरते. अमेरिकेतील बंगल्यांभोवती हौसेने लावला जाणारा निळा स्प्रूस हे याचे चांगले उदाहरण आहे. हा सूचीपर्णी वृक्ष, म्हणजे सुईसारख्या पानांचा वृक्ष, मूळचा रॉकी पर्वतरांगांतील असून तेथे तो साधारण १८०० ते ३००० मीटर उंचीवर वाढतो आणि १९३९ पासून तो कोलोरॅडो राज्याचा राज्यवृक्ष आहे. पानांवरील मेणचट थरामुळे त्याला रुपेरी निळसर छटा येते, शंकूसारख्या आकारामुळे त्याच्यावर पडलेला बर्फ घसरून जातो आणि शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरलेली थंडीही तो सहज सोसतो. मात्र हिवाळ्यात दीर्घकाळ थंडीतली विश्रांती मिळाली नाही, तर त्याच्या कळ्या नीट फुटत नाहीत, आणि उन्हाळ्यात रात्रीही जमीन तापलेली राहिली, तर त्याची मुळे थकत जातात. त्याचे भारतीय भाऊबंदही पश्चिम हिमालयात दोन हजार मीटरच्या वरच आढळतात, त्यामुळे चित्र पाहून मागवलेले त्याचे बी मैदानी प्रदेशात रुजले, तरी त्यापासून वृक्ष होण्याची आशा धरण्यात अर्थ नसतो.

बालकवी ठोमरे यांचे जन्मगाव असलेल्या धरणगावात आणि एकूण जळगाव-धुळे पट्ट्यात ही निवड नेमक्या उलट्या कसोट्यांवर करावी लागते. येथे झाडाला बर्फ सोसायचा नसतो. एप्रिल-मेमध्ये पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाणारे ऊन सोसून घराला सावली द्यायची असते. या सर्व कसोट्यांना उतरणारा वृक्ष खानदेशाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि तो म्हणजे कडुनिंब. तो आपोआप वाढतो, त्याला काही करावे लागत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पहिली तीन वर्षे सरल्यानंतर ती बरीचशी खरी ठरते. पण त्याआधी झालेली हयगय आणि त्यानंतर बुंध्याभोवती ओतलेले सिमेंट या दोन गोष्टींमुळे असंख्य निंब अकाली खुरटतात. म्हणून या वृक्षाची निगा म्हणजे मुख्यतः त्याच्या मुळांची निगा, हे सूत्र या प्रकरणात सर्वत्र ध्यानात ठेवावे लागेल.

प्रदेश काय मागतो

धरणगाव हे सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर, उत्तरेकडील तापी आणि दक्षिणेकडून वळण घेत येणारी गिरणा यांच्या दरम्यानच्या सपाटीवर वसलेले आहे. येथील वार्षिक पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास असून त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि उरलेले आठ महिने झाडाला जमिनीत साठलेल्या ओलाव्यावर काढावे लागतात. माती बहुतांशी बेसाल्ट खडकापासून झालेली काळी, भारी, कापसाला मानवणारी अशी आहे. या मातीत स्मेक्टाइट गटातील चिकणखनिजे असतात; ती पाणी शोषून फुगतात आणि वाळली की आकसतात, त्यामुळे पावसाळ्यात ही जमीन चिकट व हवाबंद होते, तर उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. झाडाच्या दृष्टीने या दोन्ही अवस्था धोक्याच्या आहेत, कारण पहिलीत मुळे गुदमरतात आणि दुसरीत बारीक तंतुमुळे अक्षरशः ओढली जाऊन तुटतात.

कडुनिंबच का

कडुनिंब हा मेलिएसी कुळातील वृक्ष असून त्याचे सोटमूळ, म्हणजे खोडाच्या रेषेत सरळ खाली जाणारे मुख्य मूळ, खोलवरच्या ओलाव्यापर्यंत पोहोचते. वर्षाला चारशे मिलिमीटर इतक्या कमी पावसावरही तो जगतो आणि पन्नास अंशांजवळ जाणारे तापमान सोसतो. म्हणूनच सौदी अरेबियात हज यात्रेकरूंच्या सावलीसाठी अराफातच्या मैदानावर त्याचीच हजारो झाडे लावण्यात आली. खानदेशातील मातीचा सामू, म्हणजे आम्ल-विम्लतेचे प्रमाण, बहुधा सातच्या वर असतो आणि जमिनीत चुनखडीही असते, तरी त्याचे कडुनिंबाला फारसे वावडे नाही. त्याला खरोखर सोसत नाही ते साचलेले पाणी.

त्याचे वार्षिक चक्रही येथील गरजेशी जुळणारे आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये, होळीच्या सुमारास, तो जुनी पाने टाकतो. लगेच तांबूस कोवळी पालवी फुटते आणि ऊन खऱ्या अर्थाने तापण्याच्या वेळी, म्हणजे एप्रिलमध्ये, त्याची छत्री पुन्हा दाट झालेली असते. पानांतून बाष्परूपाने बाहेर पडणारे पाणी आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते, त्यामुळे झाडाखालची हवा पत्र्याच्या किंवा कापडी मांडवाखालच्या हवेहून निश्चितच सुसह्य असते. मात्र हा वृक्ष रात्री प्राणवायू सोडतो, ही समजूत खरी नाही. प्रकाशावाचून प्रकाशसंश्लेषण होत नाही आणि रात्री सर्व झाडांप्रमाणे तोही श्वसनच करतो. दारात निंब असला की डास येत नाहीत, या बोलण्यावरही विसंबू नये. पाल्यातील आणि बियांतील द्रव्ये कीटकांना त्रासदायक असतात हे खरे, पण ती द्रव्ये उभ्या झाडातून घरभर पसरत नाहीत.

जागा ठरवताना

सावली कोणत्या बाजूला हवी, हा पहिला प्रश्न. धरणगावच्या अक्षांशावर मेच्या अखेरच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यास दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्यामुळे त्या काळात मध्यान्हीची सावली झाडाखालीच पडते आणि घराला तिचा उपयोग नसतो. भिंती तापतात त्या दुपारी तीननंतर पश्चिमेकडून, आणि मेच्या अखेरीस तर किंचित वायव्येकडून येणाऱ्या उन्हाने. म्हणून या भागात निंबाची उत्तम जागा घराच्या पश्चिमेला आहे. दक्षिण बाजू शक्यतो मोकळी ठेवावी, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात ओट्यावरचे ऊन हवेहवेसे असते.

दुसरा प्रश्न अंतराचा. पूर्ण वाढलेल्या कडुनिंबाचा विस्तार दहा मीटर किंवा त्याहून अधिक होतो, त्यामुळे भिंतीपासून किमान पाच-सहा मीटर अंतर सोडणे आवश्यक ठरते. काळ्या मातीत या अंतराला आणखी एक कारण आहे: मोठे झाड उन्हाळ्यात पायालगतचा ओलावा खेचून घेते, तेथील माती इतर भागापेक्षा जास्त आकसते आणि उथळ पायाच्या भिंतींना तडे जाऊ शकतात. शोषखड्डा, सांडपाण्याची वाहिनी आणि पाण्याची भूमिगत टाकी यांच्यापासूनही तितकेच दूर राहावे, आणि वर विजेच्या तारा नाहीत याची खात्री करून घ्यावी. तारांखाली लावलेल्या झाडाच्या वाट्याला दरवर्षी नुसती छाटणी येते. अंगण याहून लहान असेल, तर कडुनिंबाचा आग्रह सोडून कढीपत्ता, सीताफळ किंवा पारिजातक यांसारखे लहान झाड लावणे शहाणपणाचे आहे.

बी की रोप

कडुनिंब बियांपासून सहज येतो, फक्त बी ताजे असावे लागते. जून-जुलैमध्ये पिवळ्या झालेल्या निंबोळ्या झाडाखाली पडू लागतात. त्या वेचून, पाण्यात चोळून गर काढून टाकावा, बी सावलीत सुकवावे आणि एक-दोन आठवड्यांच्या आत पेरावे, कारण त्यानंतर उगवणशक्ती झपाट्याने घटते. बी एक ते दोन सेंटिमीटर खोल पेरल्यास सुमारे एक ते तीन आठवड्यांत अंकुर दिसतो. जेथे झाड हवे तेथेच दोन-तीन बिया टोबून, त्यांतील जोमदार रोप ठेवण्याची पद्धत सर्वांत चांगली, कारण तिच्यात सोटमूळ कोठेही न वळता थेट खाली जाते.

नर्सरीतून रोप आणायचे असल्यास उंचीला भुलू नये. एकाच पिशवीत दोन-तीन वर्षे राहिलेले पाच फुटी रोप वरून दमदार दिसते, पण पिशवी फाडली की तळाशी मुळांचे वेटोळे झालेले आढळते. हे वेटोळे जमिनीत गेल्यावरही आपोआप सुटत नाही. पुढे मुळे जाड होतात तसा त्याचा फास आवळत जातो आणि आठ-दहा वर्षांचे झाड जूनमधील वादळात बुंध्यापासून कलंडते. दोन-अडीच फुटांचे, सरळ शेंड्याचे, वर्षभराच्या आतले रोप घेणे म्हणूनच श्रेयस्कर असते. तळाची वळलेली मुळे लागवडीपूर्वी धारदार पात्याने कापून टाकली, तर ती जागा नवी मुळे लवकरच भरून काढतात.

खड्डा आणि लागवड

खड्डा एप्रिल-मेमध्येच, साधारण दोन फूट लांब, रुंद आणि खोल असा घ्यावा आणि पाऊस येईपर्यंत उन्हात तापू द्यावा, म्हणजे मातीतील किडींच्या अवस्था व रोगकारक बुरश्या बऱ्याच अंशी नष्ट होतात. भारी काळ्या मातीत खड्ड्याच्या कडा कुदळीने घासल्या जाऊन गुळगुळीत होतात आणि नव्या मुळांना त्या भेदता येत नाहीत, यासाठी भरण्यापूर्वी कडा आणि तळ टोकराने उकरून खडबडीत करावेत. भरताना निघालेलीच माती वापरावी आणि तिच्यात एक-दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत व थोडा बारीक मुरूम मिसळावा. संपूर्ण खड्डा पोयटा माती आणि खताने भरण्याची प्रथा आहे, पण भोवतालच्या घट्ट जमिनीत असा भुसभुशीत खड्डा पावसाळ्यात पाण्याचे डबके बनतो आणि झाडाची मुळेही त्या मऊ मातीतच घुटमळत राहतात.

पहिले दोन-तीन दमदार पाऊस होऊन जमीन खोलवर भिजली की लागवड करावी. रोप भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच राहील असा उंचवटा करून त्यावर लावावे आणि मूळ-खोडाचा सांधा, ज्याला मानेचा भाग म्हणतात, मातीखाली गाडला जाणार नाही याची काळजी घ्यावी. काठीचा आधार सैल बांधावा; वाऱ्याने थोडेफार डोलणारे खोड अधिक बळकट होते. कडू असला तरी कोवळा पाला शेळ्या आवडीने खातात, तेव्हा बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्यांचे कुंपण पहिल्याच दिवशी हवे. लोखंडी जाळी लावल्यास खोड तिला टेकण्यापूर्वी ती काढून घ्यावी, नाहीतर तार सालीत रुतून बसते.

पहिले तीन उन्हाळे

कडुनिंबाचे पुढचे आयुष्य पहिल्या तीन उन्हाळ्यांतील पाणी देण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. रोज तांब्याभर पाणी घातले, तर फक्त वरची चार बोटे माती ओली राहते, मुळे तेथेच पसरतात आणि एखाद्या आठवड्याचा खंड पडताच झाड माना टाकते. याउलट दहा-पंधरा लिटर पाणी एकाच वेळी देऊन मग जमीन वरून सुकू दिली, तर पाणी खोल उतरते आणि त्याच्या मागे मुळेही खोल जातात. पहिल्या उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी, दुसऱ्यात आठ-दहा दिवसांनी आणि तिसऱ्यात पंधरा दिवसांनी असे पाणी पुरते. दरवर्षी आळे मात्र बाहेर सरकवत रुंद करावे, कारण पाणी शोषणारी कोवळी मुळे खोडाजवळ नसून छत्रीच्या कडेखाली असतात.

उन्हाळ्यात नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावांत माठाची जुनी युक्ती आजही उपयोगाची आहे. आठ-दहा लिटरचा कच्च्या भाजणीचा माठ रोपापासून फूट-दीड फुटावर गळ्यापर्यंत पुरून, भरून, झाकून ठेवला की पाणी त्याच्या अंगातून हळूहळू पाझरते आणि बाष्पीभवनात फारसे वाया जात नाही. धुण्याचे पाणी झाडाला घालण्याचा मोह मात्र टाळावा. साबणचुऱ्यातील सोडियममुळे काळ्या मातीची कणरचना मोडते, ती अधिकच चिकट व अभेद्य होते. जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे क्षारयुक्त पाणी किंवा खारवट बोअरचे पाणी सतत दिल्यासही तोच परिणाम होतो.

पाण्याइतकेच महत्त्व आच्छादनाला, म्हणजे माती झाकून ठेवणाऱ्या थराला आहे. कापसाच्या पऱ्हाट्यांचे तुकडे, केळीची वाळलेली पाने किंवा निंबाचाच गळालेला पाला यांचा चार-सहा बोटांचा थर आळ्यात पसरला, तर ओलावा टिकतो, जमीन तापत नाही आणि खानदेशच्या मातीत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भेगा पडत नाहीत. हा थर खोडाला भिडू देऊ नये, कारण तेथे वाळवी चढते. जून झालेला कडुनिंब वाळवीला फारशी दाद देत नसला, तरी कोवळ्या खोडाची साल ती पोखरते. पहिली दोन वर्षे खोडाला चुना आणि गेरूचा लेप द्यावा.

बुंध्याभोवतीची जमीन

झाड मोठे झाले की त्याच्या मुळांवर संकट येते ते माणसाकडून. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवताना किंवा गल्लीचे काँक्रीटीकरण होताना सिमेंट थेट बुंध्यापर्यंत आणले जाते. असा बुंधा जवळून पाहिला, तर साल जेथे सिमेंटला टेकते तेथे ती काळपट व ओलसर झालेली, क्वचित डिंक गाळणारी दिसते. खोडाची जाडी दरवर्षी वाढत असल्याने ते कडेवर दाबले जाते आणि त्या दाबाखालची साल हळूहळू मरते. सालीच्या आतील थरातूनच पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जात असल्यामुळे भोवतालची साल मेली की मुळे उपाशी पडतात. शिवाय पाऊस आणि हवा दोन्ही आत शिरत नाहीत. याची लक्षणे दोन-चार वर्षांनी शेंड्यांवर दिसतात, तोपर्यंत कारण विस्मरणात गेलेले असते.

यावर उपाय सोपा आहे: बुंध्याभोवती निदान एक मीटर त्रिज्येचे वर्तुळ मातीचेच ठेवावे. पार बांधायचा असल्यास तो खोडापासून दूर, कोरड्या दगडी रचाईचा असावा आणि आत भर घालून खोड गाडू नये, कारण फूटभर भर पडली तरी जुन्या मुळांना प्राणवायू कमी पडतो.

छाटणी आणि आखाजी

पहिली चार-पाच वर्षे एकच मुख्य शेंडा राखून खालच्या फांद्या थोड्या थोड्या काढाव्यात, म्हणजे माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत स्वच्छ खोड तयार होते. त्यानंतर फक्त वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. सगळा डोलारा एकदम छाटून झाड बोडके करण्याची पद्धत दुहेरी नुकसानीची आहे: ऐन उन्हाळ्याची सावली जाते, आणि कापलेल्या खुंटांवर फुटणारे धुमारे वरवर जोडलेले असल्याने पावसाळ्यापूर्वीच्या वादळात तेच आधी मोडून पडतात. फांदी कापताना तिच्या मुळाशी असलेली फुगीर कड राखावी, कारण जखम भरणाऱ्या पेशी तेथूनच वाढतात.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी-बहिणींसाठी निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात. झोक्यासाठी खोडाशी रुंद कोनाने जोडलेली, मांडीएवढी जाड आणि कोठेही पोकळ नसलेली फांदी निवडावी, दोराखाली गोणपाटाची घडी घालावी आणि सण संपताच दोर सोडावा. फांदीवर तसाच राहिलेला नायलॉनचा दोर दोन-तीन वर्षांत सालीत गडप होतो आणि पुढचा भाग वाळतो.

रोग, किडी आणि बांडगूळ

पावसाळ्याच्या उत्तरार्धात शेंड्यांकडील पाने तपकिरी होऊन संपूर्ण झाड होरपळल्यासारखे दिसू लागले, तर तो बहुधा फोमॉप्सिस या बुरशीमुळे होणारा शेंडेमर रोग असतो. दक्षिण भारतात त्याचा मोठा उपद्रव झाला आहे. कोवळ्या शेंड्यांतील रस शोषणारा, काजूबागांत ढेकण्या नावाने ओळखला जाणारा कीटकही अशीच लक्षणे निर्माण करतो. बहुतेक मोठी झाडे पुढच्या पालवीत सावरतात, त्यामुळे घाबरून झाड तोडू नये. वाळलेले शेंडे वीतभर खालपर्यंत कापून जाळावेत आणि मोठ्या जखमांवर बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी या प्रमाणात ते घरीही करता येते.

बांडगूळ हे अर्धपरजीवी आहे, म्हणजे ते स्वतःच्या हिरव्या पानांत अन्न तयार करते, पण पाणी व क्षार यजमान झाडातून शोषते. त्याची फक्त पाने ओरबाडून भागत नाही. त्याचे शोषक मूळ फांदीत खोल शिरलेले असल्याने चिकटलेल्या जागेच्या फूटभर मागून फांदी कापावी लागते, आणि तीही त्याला फळे धरण्यापूर्वी, कारण पक्षी त्याचे चिकट बी दुसऱ्या फांद्यांवर नेऊन लावतात. गुळवेल मात्र परजीवी नाही. तिने झाड झाकोळेपर्यंत वाट न पाहता ती मर्यादेत ठेवली, म्हणजे पुरते.

झाडाचे देणे

सावलीत वाळवलेला निंबाचा पाला दादर ज्वारीच्या कणगीत थराथरांनी घालण्याची खानदेशी रीत जुनी आहे. निंबोळ्यांतील अझाडिरॅक्टिन हे द्रव्य, जे १९६८ मध्ये प्रथम वेगळे करण्यात आले, कीटकांची खाण्याची इच्छा व वाढ रोखते. परसबागेसाठी अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी गाळून, थोडा साबण मिसळून दहा लिटर द्रावण केले की पाच टक्के अर्क तयार होतो. निंबापासून केलेल्या बुरशीनाशकाला १९९४ मध्ये युरोपात एकस्व दिले गेले होते. भारतातील पारंपरिक ज्ञान पुढे मांडल्यानंतर २००० मध्ये ते रद्द झाले आणि २००५ मध्ये त्यावरील अपीलही फेटाळले गेले. घरोघरी चालत आलेली रीत किती मोलाची असते, याचा तो जागतिक पातळीवर मिळालेला निर्वाळा होता.

जुन्या झाडाचा वारस

बरी निगा असलेला कडुनिंब दीडशे-दोनशे वर्षे जगू शकतो, तरी कधीतरी तो पोकळ होतो, कलतो किंवा धोकादायक ठरतो. नगरपरिषदेच्या हद्दीत असे झाड तोडण्यापूर्वी १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण व जतन कायद्यानुसार परवानगी घ्यावी लागते, आणि २०२१ मधील दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्ष म्हणून अधिक संरक्षण दिले आहे. परंतु परवानगी मिळाली तरी गेलेली सावली लगेच मिळत नाही. नव्या रोपाला घरावर सावली धरण्याजोगे होण्यास आठ-दहा वर्षे लागतात. म्हणून ज्या घराचा निंब उतारवयाला लागला आहे, त्या घराने त्याच्याच निंबोळ्यांतून योग्य अंतरावर दुसरे झाड आजच धरावे. पहिल्या तीन उन्हाळ्यांचे पाणी आणि बुंध्याभोवतीचे मीटरभर मोकळे वर्तुळ एवढीच त्या झाडाची मागणी असते, आणि ती पूर्ण झाली तर धरणगावच्या उन्हात त्या अंगणाला पुढच्या तीन-चार पिढ्या सावलीची ददात पडत नाही.